आठव्या मजल्यावर रान बघितलं

त्या दिवशी गाडीत कोन कोन हुतं ते आधी सांगते, म्हंजे मागनं कुनी म्हनायला नको की आमाला गाळलं. गाडी चालवायला माझा लेक. त्याच्या शेजारी माझी नात, त्याचीच थोरली, जिच्यापायी हे सगळं झालं. मागं मधी मी. डाव्या अंगाला माझी धाकटी जाऊ. उजव्या अंगाला मावशी. मावशी नात्यातली न्हवं. आमच्या खुरपनीच्या टोळीतली, चर्चच्या मागं ऱ्हाती, गावात तिला सगळेच मावशी म्हनत्यात, तिच्याहून म्हातारे बी. सून घरी राह्यली, म्हशींची धार कोन काढनार म्हनून. ती आजून रुसलेली हाय.

मी दुसरीपातूर शाळेत गेले. लिवायला येत न्हाई म्हनलं तरी चालंल. नातीनं मोबाईलात दाखवलंय, आपन बोलायचं आनि ते लिवतं. लई गुनाचं हाय. मधी बोलत न्हाई.

आमी चाललो हुतो पुन्याला, नातीच्या कंपनीत. कंपनी लई मोठी, कॉम्प्युटरची. वर्सातनं एकदा घरच्या मान्सांना बोलावत्यात, या, बघा, जेवा. नात तिथं चार वर्सं हाय. दर साली बोलावनं यायचं आनि दर साली आमी म्हनायचो, कुठं जायचं, वाटाना तोडायला आलाय. औंदा मीच म्हनलं, जायचं. कारन शनिवारी हा कार्यक्रम हुता आनि सोमवारी नात ती नोकरी सोडनार हुती. आनि सोडायच्या आधी मला रान बघायचं हुतं.

रान बघनं म्हंजे काय ते सांगितलं पायजे. मी मुकादमीन. आता गुडघे गेले, पन तीस वर्सं बायांची टोळी चालवली. वाटान्याची तोडनी, कांद्याची लागन, खुरपनी, काढनी. त्याच्या आधी दुस्काळात खडी फोडली. माझे मालक वारले तवा एक पोरगं कडेवर आनि एक हाताला, आनि डोक्यावर पाटी. त्याचं रडगानं गात न्हाई. तवा सगळ्यांच्याच डोक्यावर पाटी हुती. सांगायचं ते एवढंच, की कुनाचं बी काम घ्यायच्या आधी मुकादमीन आदल्या दिवशी जाऊन रान बघून येती. प्यायचं पानी कुठं हाय. सावली कुठं हाय. तान्हं लेकरू कुठं निजवायचं. मालक बांधावर उभा राहून वरडनारा हाय का खाली बसून बोलनारा. आनि खुरप्यानं दोन जागी उकरून बघायचं, भुई मऊ हाय का कडक. मंग घरी यायचं आनि बायांना एकच शब्द सांगायचा. घ्यायचं, न्हाईतर सोडायचं. त्याच्यावर कुनी वाद घालायचा न्हाई.

दुसरी रीत पातीची. खुरपायला बसलं की एकेकीच्या वाट्याला एकेक पट्टा येतो, त्याला पात म्हनत्यात. कुनाचा हात चालतो, कुनाचा न्हाई. कुनी पोटुशी असती, कुनाच्या अंगात ताप असतो. तिची पात मागं ऱ्हाती. तर आपली उरकली की घरी पळायचं न्हाई. तिच्या पातीच्या शेंड्याला जायचं, उलटं बसायचं आनि तिच्याकडं खुरपत यायचं. मधी गाठ पडती. गाठ पडली की सगळ्या उठत्यात, आनि जिची पात मागं हुती ती मोठ्यानं सांगती, माझी अर्धी हिनं काढली. तेवढं तिनं सांगायचंच. काढनारीनं मातर सांगायचं नसतं. काढनारीनं सांगितलं तर ते उपकार झालं, आनि उपकारानं कुनाचं तन निघत न्हाई.

नात बारकी असताना शाळेला सुट्टी असली की माझ्यासंगं रानात यायची. हे सगळं ती तिथं शिकली. आनि तिथंच घोटाळा झाला.

नातीच्या कंपनीतलं काम म्हंजे लांबच्या देशातला एक दवाखाना हाय, त्याचं. पेशंटनं घरनंच मोबाईलवर नंबर लावायचा. ह्यांच्या टोळीत आठ-नऊ जन, एकेकाच्या वाट्याला एकेक तुकडा. एक नवी पोरगी आलेली, लांब वरल्या बाजूची, हिंदी बोलती. तिचा तुकडा मागं राह्यला आनि सोमवारी दवाखान्यावाल्यांना दाखवायचं हुतं. आमची नात रविवारी घरी आलेली. तिचा तुकडा झालेला. तर हिनं दिवसभर ओट्यावर बसून त्या पोरीचा तुकडा पुरा केला, आनि त्या पोरीच्याच खात्यात ठिवला. का, तर पात तिची.

पुढं वर्साचा हिशेब झाला. तिथं पाचातला आकडा देत्यात, शाळेत मार्क देत्यात तसा. त्या पोरीला वरचा आकडा. आमच्या नातीला खालचा. साहेब म्हनला, मशीनात तुझं काम कमी दिसतंय. ही गप. ती पोरगी बी गप.

मला हे मेथी निवडताना कळलं. दोन म्हयनं नात हसली नव्हती, मंग मीच खोदून विचारलं.

"मंग ती पोरगी काय बोलली न्हाई?"

"न्हाई, आजे."

"तू सायबाला सांगायचं."

"मी कसं सांगू? तूच म्हनती ना, काढनारीनं सांगायचं नसतं."

मेथीची जुडी संपली तरी मी देठंच खुडत बसले.

मंग तिनं सांगितलं. राजीनामा लिवून ठिवलाय, सोमवारी नुसतं बटन दाबायचं. नगरात एक बारकं ऑफिस हाय, पाच मान्सांचं, तिथं बोलून झालंय. रोज एस्टीनं जायचं, संध्याकाळी घरी यायचं. खरं सांगते, हे ऐकून माझ्या पोटात गुदगुल्या झाल्या. निम्मा आठवडा ती घरनं काम करती, निम्मा पुन्याला, आनि पुन्याला असली की घरात बोलायला कोन असतं? लेक गाडीवर, सून म्हशीत. नात रोज घरी येनार म्हंजे मला रोज दिवाळी. पन मी मुकादमीन. रान न बघता घेतलं न्हाई तसं न बघता सोडलं बी न्हाई कधी.

मी म्हनलं, "शनिवारी मला ने. मी बघते. मंग सांगते."

"आनि तू सांगशील ते मी ऐकायचं?"

"वाद घालायचा न्हाई. रीत हाय."

ती म्हनली, बरं. मला वाटतं तिला खात्री हुती की मी सोड म्हननार. मला बी हुती.

तर गाडी निघाली. सुपा गेलं, शिरूर गेलं, मावशीनं दोनदा गाडी थांबवली. जावेनं नवं जांभळं लुगडं नेसलेलं आनि गाडीभर कुनाला हाताचं बोट बी लावू देईना, चुरगळंल म्हनून. मी म्हनलं, "तुला काय बघायला येनार हायेत का?" ती म्हनली, "अक्का, कंपनी बघायला चाललोय, कंपनी बी आपल्याला बघंल की."

कंपनीच्या दारात पयला घोटाळा झाला. तिथं पिशव्या एका मशीनात घालाव्या लागत्यात, ह्या तोंडानं जात्यात आनि त्या तोंडानं निघत्यात. आमच्या तीन पिशव्या आत गेल्या आनि मशीन ठॅनठॅन करायला लागलं. शिपाई पळत आला. पडद्यावर बघितलं, पुन्यांदा बघितलं, मंग आमच्याकडं बघितलं.

"आजी, पिशवीत काय हाय?"

"भाकरी, ठेचा, पानी."

"अजून?"

"खुरपं."

"तिघींच्या बी?"

"मंग? रान बघायला रिकाम्या हातानं कोन येतं?"

नात म्हनली, "आजे," आनि भिंतीकडं तोंड केलं. लेक तर दहा पावलं लांब जाऊन उभा राह्यला, जसा काय आमचा कोनीच न्हवं.

शिपाई जामखेडकडचा निघाला. म्हनला, "खुरपं मला वळखू येतं, आजी. माझी आय बी खुरपायला जाती. पन हितं आत लादी हाय, गालिचा हाय. कुठं खुरपनार?" त्यानं तिन्ही खुरपी एका टेबलाखाली नीट ठिवली आनि आमाला तीन बिल्ले दिले. परत जाताना खुरपी न्या म्हनला. आनि गळ्यात पट्टा घातला, त्याच्यावर पाहुने असं लिवलेलं. जावेनं तो पट्टा घरी येईपातूर काढला न्हाई. दुसऱ्या दिवशी धार काढायला बी तोच घालून गेलती. म्हैस बुजली.

मंग लिफ्ट. मी लिफ्टीत पयल्यांदाच चढले असं न्हाई, दवाखान्यात चढलेली हाय. पन ही काचंची. आपन वर जातोय आनि खाली झाडं बारकी होत्यात, गाड्या बारक्या होत्यात. मावशीनं डोळं मिटून प्रार्थना सुरू केली. आठव्या मजल्यावर दार उघडलं तरी तिची आमेन झाली न्हाई, मंग आमी थांबलो, आनि दार परत मिटलं आनि आमी परत खाली गेलो. खाली जामखेडवाला उभाच. म्हनला, "झालं बघून?" मावशी म्हनली, "अजून उतरलोच न्हाई." हसून हसून माझ्या बरगडीत कळ निघाली. दुसऱ्या खेपंला उतरलो.

आता रान बघायला सुरुवात केली. पयलं पानी. पानी थंड बी, कोमट बी, गरम बी, तीन तोट्या. ह्याच्यात मी खोट काढू शकले न्हाई. चहाचं मशीन. जाऊ म्हनली, "दूध कुठल्या म्हशीचं असंल?" मावशी म्हनली, "मशीनीचं." आमी पयल्यांदा एकेक कप घेतला, मंग कुनी बघत न्हाई असं बघून अजून एकेक. कुनी पैसं मागितलं न्हाई.

सावली. नुसती सावलीच हाय. जावेनं डोक्यावरचा पदर गळ्याभवती घेतला, एवढा गारवा. पन ऊनच न्हाई. सकाळ हाय का दुपार कळंना. मी नातीला विचारलं, "तुमाला सुट्टी झाली हे कसं कळतं?" ती म्हनली, "कळत न्हाई, आजे. तेच तर." हे मी मनात ठिवलं.

मंग लेकरांची जागा. ही बघून मातर मी दारातच उभी राह्यले. काचंमागं खोली, खाली मऊ गाद्या, भिंतीवर हत्ती, बारक्या बारक्या खुर्च्या, आनि दोन बाया नुसत्या लेकरं सांभाळायला. आई वरच्या मजल्यावर काम करती, मधी येऊन पाजून जाती. माझ्या लेकाला मी बाभळीला झोळी बांधून त्याच्यात निजवलेला. एकदा मुंगळं चढलं. बारा ठिकानी चावलं हुतं, आजून पाठीवर डाग हाय. मी लेकाला हाक मारली, म्हनलं, "बघ रं, असं असतं." तो काचंतनं बघत राह्यला, म्हनला, "आये, मला तर बाभळच चांगली वाटती, हितं खाली पडायची मजा न्हाई." मी त्याला चापट मारली. पन तो तिथनं लवकर हालला न्हाई.

नातीची जागा बघायची हुती. तर म्हनली, माझी अशी जागाच न्हाई. सकाळी येऊन जी खुर्ची मोकळी ती.

मी म्हनलं, "चार वर्सं झाली आनि खुंटा बी तुझा न्हाई? म्हशीला बी दावनीला जागा असती."

"मोठ्या कंपनीत असंच असतं. मान्सं लई, खुर्च्या कमी."

"आनि काम? ते तरी तुझं वळखू येतं का?"

तिनं मोबाईल काढला. दवाखान्याचं दाखवलं. एका कोपऱ्यात निळं बटन. "हे बटन माझं. आठ म्हयनं केलं."

"आठ म्हयनं? एकच बटन?"

"ते दाबल्यावर मागं लई काय काय व्हतं, आजे."

मी दाबून बघितलं. जावेनं दाबलं. मावशीनं दोनदा दाबलं. मी म्हनलं, "चांगलं दबतंय." नात हसायच्या बेतात आली, पन हसली न्हाई. आठ म्हयन्यांत आमी चार गावांचं रान खुरपलं असतं, आनि मागं वळून बघितलं तर काळंभोर दिसलं असतं. हिला मागं वळून बघायला काय हाय? निळं बटन. पन तिकडं त्या देशात कुनी म्हातारी तापानं फनफनली असंल आनि घरनं उठवत नसंल, ती हेच बटन दाबत असंल. हे बी मी मनात ठिवलं. दोन्ही बाजूंनी ठिवत हुते. लेकाचा मुतखडा कंपनीनं दिलेल्या विम्याच्या कार्डावर फुकट निघाला, हे बी त्याच्यात धरलं. आनि सगळ्यांच्या कानात बोळं असत्यात, शेजारी बसून एकमेकाला मोबाईलातनं बोलत्यात, हे बी धरलं. आमी रानात एवढ्या बोलायचो की पाखरं उडून जायची.

जेवन झालं. जेवनाचं सांगत बसले तर मोबाईल भरून जाईल. शेवटी कुल्फी दिली, बारक्या लाकडी चमच्यानं खायची. कुल्फी खात आमी परत वर आलो, तर तिथं पोरापोरींनी फुगे फोडलेले, चमकीच्या कागदाचं बारीक तुकडं सगळ्या गालिच्यावर पडलेलं. झाडनारी बाई कंबरंवर हात ठिवून बघत हुती. गालिचा पट्ट्यापट्ट्याचा, एक पट्टा काळा, एक राखाडी.

तिथं तो साहेब आला. मला वाटलं हुतं कोनी टकला, पोट सुटलेला मानूस असंल. हा तर माझ्या नातवाच्या वयाचा, दाढीवाला, बोलायला गोड.

"आजी, कसं वाटलं ऑफिस?"

नात माझ्या मागं उभी. तिनं माझ्या लुगड्याचा काठ वढला. म्हंजे गप बस.

मी म्हनलं, "पानी चांगलं, सावली चांगली, लेकरांची सोय झ्याक. एक विचारायचं हुतं. तुमच्यात एकीची पात मागं राह्यली तर काय करतात?"

"पात म्हणजे?"

आता तोंडानं सांगून त्याला कळनार न्हाई हे मला दिसलं. मी जावेला म्हनलं, "बस गं." मावशीला म्हनलं, "तू बी." आनि आमी तिघी त्या गालिच्यावर पदर खोचून बसलो. एकेकीला एकेक पट्टा. खुरपी खाली शिपायापाशी, मंग कुल्फीचं चमचं घेतलं. आनि ते चमकीचं तुकडं तन समजून काढायला लागलो. जावेला नव्या लुगड्याचं भान राह्यलं न्हाई. तिचा हात असा चालतो की बघत राहावं. मी मावशीला हळूच म्हनलं, तू मागं ऱ्हा. ती म्हनली, "मुद्दाम कशाला राहू, माझं गुडघं हायेत की."

पोरं जमली. मोबाईल बाहेर निघालं. कुनी म्हनलं हे काय चाललंय, कुनी म्हनलं आजींचा खेळ हाय. दोन पोरी जीन घालून माझ्या शेजारच्या पट्ट्यावर बसल्या. त्यांना उकिडवं बसता येईना, एक मागं उलथली. मंग अजून चार बसले. मी वरडले, "ए निळा सदरा, तुझ्या पातीत तन राह्यलंय, मागं बघ." तो म्हनला, "सॉरी आजी," आनि मागं सरकला. झाडनारी बाई म्हनली, "आजी, रोज येत जावा."

माझी पात संपली. जावेची संपली. मावशी मधीच, धापा टाकत बसलेली. मी सायबाला म्हनलं, "आता बघा." मी उठले, मावशीच्या पातीच्या शेंड्याला गेले, उलटी बसले आनि तिच्याकडं वेचत निघाले. जाऊ दुसऱ्या अंगानं. मधी तिघींची डोकी एकमेकींना टेकली. मावशी उठून उभी राह्यली आनि चर्चमधी गाती तसा आवाज काढून सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं म्हनली, "माझी अर्धी ह्या दोघींनी काढली."

टाळ्या पडल्या. मी सायबाला म्हनलं, "ही रीत. तुमच्यात हे कुठं लिवत्यात?"

तेवढ्यात कोपऱ्यातनं एक पोरगी पुढं आली. बारीक अंगाची, गळ्यात निळी वढनी. आली आनि गालिच्यावरच बसली, आमच्या नातीच्या पायापाशी. नातीकडं बघेना, सायबाकडं बघेना, हातातला लाकडी चमचा बघत बोलली.

"सर, मेरा वाला इसने किया था. इतवार को. पूरा. मैं नई थी, मुझे लगा निकाल देंगे."

मला हिंदी बेताची येती, पन एवढी येती. मावशीनं माझा हात धरला.

साहेब म्हनला, "मला हे माहीतच नव्हतं."

मी म्हनलं, "बांधावरनं कळत न्हाई, सायेब. खाली बसावं लागतं."

मी हे टोमना म्हनून बोलले न्हाई, मुकादमीन म्हनून बोलले. पन तो खरंच बसला. चांगली इस्तरीची पँट, तसाच उकिडवा बसला, त्या पोरीला म्हनला हळूहळू सगळं सांग. ती हिंदीत सांगत हुती, रडत बी हुती. आमची नात तिच्या शेजारी बसली, तिचं नाक पुसायला आपली वढनी दिली. मंग साहेबानं सगळ्यांसमोर आमच्या नातीचं नाव घेतलं आनि म्हनला, ते काम हिचं. आकडा आता बदलत न्हाई, मशीन बंद झालंय औंदापुरतं, पन मी वर लिहून देतो. एवढं बोलला आनि उठायला गेला, तर त्याला उठताच येईना. गुडघं कडाकडा वाजलं. जावेनं एका हाताला धरलं, मी एका हाताला. जाऊ म्हनली, "ह्यो एका तासात घरी जायचा आपल्या टोळीतनं."

आनि तिथं आमची नात हसली. हसली म्हंजे अशी तशी न्हाई. पोट धरून, डोळ्यांतनं पानी, ती रडकी पोरगी तिच्या अंगावर पडून हसतीय, मावशी हसतीय, साहेब एक गुडघा धरून हसतोय. कुनीतरी म्हनलं, सगळे बसा, ओळीत बसा, फोटो काढतो. आमी सगळे ओळीनं उकिडवं बसलो, चमचं हातात घेऊन. फोटो निघाला.

खाली जामखेडवाल्यानं खुरपी काढून दिली. म्हनला, "काय मंग आजी, रान कसं हाय?"

मी म्हनलं, "अजून सांगायचंय."

परत निघालो. वाघोली गेलं, रांजनगाव गेलं. मी खुरपं मांडीवर घेऊन बसले. घोडनदीचा पूल ओलांडला की आपला जिल्हा लागतो, तिथं सांगायचं असं मी ठरवलेलं. माझं मन म्हनत हुतं, सोड म्हन. एक शब्द, आनि पोरगी रोज संध्याकाळी एस्टीनं घरी. तिला बी तेच ऐकायचं असंल असं मला वाटत हुतं. पन मी रान बघायला गेल्ते, माझं घर बघायला न्हाई. खुंटा न्हाई, ऊन न्हाई, मागं वळून बघितलं तर दिसत न्हाई, आकडा लबाड. हे सगळं खरं. पन चारचौघांत उभं राहून माझी पात हिनं काढली म्हननारी जिथं एक बी असती, ते रान मी आजवर कधी सोडलं न्हाई. असल्या बाया रोज मिळत न्हाईत.

पूल आला. मी म्हनलं, "घ्यायचं."

जाऊ म्हनली, "अक्का?"

मी म्हनलं, "वाद घालायचा न्हाई."

नातीनं मागं वळून बघितलं. मंग मोबाईल काढला, लिवून ठिवलेला राजीनामा शोधला, आनि मला दाखवून पुसून टाकला. सोमवारचं बटन तिनं शनिवारीच दाबलं, उलट्या अंगानं. लेक म्हनला, "चहा घ्यायचा का?" आनि आमी टपरीवर चहा घेतला. मशीनीच्या चहापरीस चांगला हुता. हे मी कंपनीच्या बाजूला धरलेलं न्हाई.

त्याला आता बरेच म्हयनं झाले. पुढं कंपनीनं सांगितलं, घरनं काम बंद, सगळ्यांनी ऑफिसातच यायचं. नात आता पुन्यातच ऱ्हाती, त्या हिंदी पोरीसंगं एका खोलीत. म्हयन्यातनं एखाद्या शनिवारी येती. फोन करती, कधी गडबडीत, कधी नुसती दमलेली. खुर्ची आजून तिची न्हाई. मी संध्याकाळी एस्टीचा आवाज आला की दाराकडं बघते, सवय म्हनून. मीच घ्यायचं म्हनलं, त्याला आता काय.

तर वाचनाऱ्याला एकच सांगनं हाय. त्या दिवशी फोटो कुनाच्या मोबाईलात निघाला ते कुनालाच ठाव न्हाई. दुसऱ्या कुठल्या मजल्यावरनं कुनी आलेलं असंल. नातीनं विचारलं, साहेबानं विचारलं, सापडंना. माझा बघायचा राह्यला, पन फोटोत ओळीनं उकिडवी बसलेली मान्सं असनार, सगळ्यांच्या हातात कुल्फीचं चमचं. जांभळ्या लुगड्याची माझी जाऊ. डोळं मिटलेली मावशी. मी कडंला. आनि मधी एक पोरगी, तोंड उघडं टाकून हसतीय, ती माझी नात. तुमच्यापैकी कुनाच्या मोबाईलात तो फोटो असंल, तर तो पुसू नका. नातीकडं पाठवून द्या. ती मला दाखवंल.